खात्यांच्या वस्तीत

जयपुरात खातीपुरा दोन आहेत. एक शहराच्या पश्चिम अंगाला, झोटवाड्याच्या बाजूची वस्ती. दुसरं पूर्वेला, जगतपुऱ्याकडचं रेल्वे स्टेशन. हे मला माहीत नव्हतं. भाच्याचा पत्ता ‘खातीपुरा’, गाडी थांबणार ‘खातीपुरा’, म्हणून मोठ्या समाधानानं तिकीट काढलं आणि भल्या पहाटे, हुडहुडी भरवणाऱ्या थंडीत, नको त्या खातीपुऱ्यात उतरलो. फोनवर भाचा आधी गप्प राहिला, मग म्हणाला, “मामा, तिथेच थांबा. हलू नका.” नंतर अख्खं शहर आडवं कापत आम्ही घरी पोचलो. वाटेत त्याने एकदाही मला दोष दिला नाही. बँकेत नोकरी करणाऱ्यांना ग्राहक सांभाळायची सवय असते.

पण त्या लांबच्या रस्त्यात एक गोष्ट साधली. दुकानांच्या पाट्यांवर ‘खातीपुरा’ हे नाव इतक्या वेळा दिसलं की ते डोक्यात घुसलं. मराठी माणसाला या नावात पहिल्यांदा काय दिसतं? मंत्रिमंडळ. नवं सरकार आलं की आपल्याकडे आठवडाभर दुसरी चर्चा नसते: कुणाला कुठलं खातं, मलईदार खाती कुणाकडे, कोण बिनखात्याचा राहिला. हिंदीत खात्याला ‘विभाग’ म्हणतात. ‘खाता’ हा शब्द तिथे बँकेत आणि वाण्याच्या वहीत राहिला, आणि त्याचं अनेकवचन ‘खाते’. म्हणजे ‘खाती’ वाचून सरकार आठवणारा जयपुरात मी एकटाच असणार. भाच्याने खाते आणि खाणे यांवरचा विनोद केलाच. तो इतका जुना आहे की मी इथे देत नाही.

खरा अर्थ त्याच दिवशी घरात येऊन उभा राहिला. भाच्याकडे माळ्याला दारं बसवायची होती आणि त्यासाठी एक वयस्कर मिस्त्री यायचे. राजस्थानात खाती म्हणजे सुतार. आता त्यांतले पुष्कळजण जांगिड आडनाव लावतात, पण वस्तीचं नाव जुनंच राहिलं. हा ‘पुरा’ आपल्यालाही अनोळखी नाही. छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा आहे, बेगमपुरा आहे आणि चक्क जयसिंगपुराही आहे, म्हणजे जयपूरच्या कछवाह घराण्यातलं नाव मराठवाड्यात नांदतं आहे. गंमत व्याकरणाची. सुतार या अर्थाचा खाती आणि मंत्र्याचं खाते, दोघांचं सामान्यरूप मराठीत एकच होतं: खात्यांची वस्ती, खात्यांचे वाटप. आणि आपला ‘सुतार’ तरी कोण? सूत्रधार. लाकडावर दोरी धरून रेघ मारणारा तो सूत्रधार, झिजून सुतार झाला. मूळ शब्द मात्र नाटकात गेला आणि तिथून राजकारणात. मुख्यमंत्री ‘सूत्रे हाती घेतात’ तेव्हा कोशाच्या हिशेबाने त्यांच्या हाती सुताराची दोरीच असते.

मी जयपूरला नुसता फिरायला गेलो नव्हतो. एका अंकासाठी अमेरिकेतल्या एका लॅटिनो नेत्याच्या विचारांवर लिहायचं कबूल करून बसलो होतो: हुलियान कास्त्रो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा २००९पासूनचा महापौर, पुढे ओबामांच्या मंत्रिमंडळात मंत्री. ४ सप्टेंबर २०१२ रोजी शार्लट शहरात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्याने बीजभाषण केलं. तो मान मिळालेला तो पहिला लॅटिनो. त्याची आजी पोरकी होऊन लहानपणी मेक्सिकोतून आली आणि जन्मभर लोकांच्या घरची झाडलोट, स्वयंपाक, मुलं सांभाळणं करत राहिली. आई चळवळीतली, १९७१ साली ती शहराच्या नगरपरिषदेची निवडणूक लढवून हरली. कास्त्रोचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडचं स्वप्न एकट्याच्या धावण्याने पुरं होत नाही, एक पिढी पुढच्या पिढीच्या हाती काठी देते. आणि आई लढली म्हणून माझ्या हातात फरशी पुसायच्या दांड्याऐवजी माइक आला.

हे मराठीत आणणं सोपं वाटलं होतं. संपूर्ण भाषण तीन शब्दांवर उभं: संधी, कुटुंब, लोकसेवा. तिन्ही शब्द आपल्याकडे तयार. पण माळ्यावर रंधा चालत असताना खाली बसून ते कागदावर उतरवले आणि तिन्ही डुगडुगायला लागले.

आधी संधी. मिस्त्रींनी विचारलं, काय लिहिता? मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की एका गरीब बाईच्या नातवाला ‘संधि मिली’. ते थबकले. “किससे हुई संधि?” बरोबरच आहे. हिंदीत संधि म्हणजे तह. जयपुरात तर संधि म्हटलं की इतिहास शिकलेल्याला १८१८ आठवावं. सवाई जगतसिंगांच्या दरबाराने त्या साली ईस्ट इंडिया कंपनीशी संधि केली, आणि तिच्यामागचं एक मोठं कारण आपणच होतो. मराठ्यांची आणि पेंढाऱ्यांची खंडणी, स्वाऱ्या, १७८७चं तुंग्याचं रण, या सगळ्याला जयपूर कंटाळलं होतं. तेव्हा मराठी माणसाने खातीपुऱ्यात बसून ‘संधि’ हा शब्द जरा जपून वापरावा.

संधी म्हणजे चान्स, हा अर्थ मराठीने कुठून काढला? मूळ अर्थ जोड: सम् आणि धा, एकत्र ठेवणं. हाडांचा जोड तो सांधा, फाटलेलं जोडणं ते सांधणं, दोन अक्षरं जुळतात तो व्याकरणातला संधी, दोन राजे जुळतात तो तह. पण जिथे जोड असतो तिथे फटही असते. मराठीचं लक्ष त्या फटीवर गेलं. सांद, सांदी, सांदीकोपरा हे सगळे फटीचे शब्द. दोन भिंतींमधली, दोन घरांमधली, दोन क्षणांमधली मोकळी जागा, जिच्यातून चपळ माणूस आत शिरतो. तीच संधी.

आणि फटीतून आत शिरण्याचा संस्कृतातला सर्वांत देखणा प्रसंग शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात आहे. शर्विलक नावाचा ब्राह्मण चारुदत्ताच्या घरी चोरी करायला येतो आणि भिंतीला भोक पाडतो. त्या भोकाला शब्द आहे संधी. हा गृहस्थ वृत्तीने कारागीर. भोकाचे आकार त्याला पाठ आहेत, कमळासारखा, चंद्रकोरीसारखा, स्वस्तिकासारखा. आणि भाजलेल्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभच शोभेल असा विचार करून तो कामाला लागतो. मोजायची दोरी घरी विसरलेली, म्हणून गळ्यातलं जानवं काढून त्यानेच माप घेतो. पुन्हा सूत्र! चोरी तो करतो ती मदनिका नावाच्या दासीला मोकळी करून तिच्याशी संसार मांडता यावा म्हणून. म्हणजे या एका प्रसंगात संधी आहे, दास्य आहे आणि कुटुंबही आहे. माझे तीनही शब्द शूद्रकाने शेकडो वर्षांपूर्वीच एका भोकातून आत नेले होते.

‘संधिसाधू’ हा शब्द मराठीत शिवी का झाला, हेही इथे उलगडतं. अडचण संधीची नाही, साधण्याची. शर्विलकाची बाजू घेणारे पुष्कळ भेटतील; चारुदत्ताची भिंत मात्र कुणाला तरी बांधून घ्यावीच लागते. कास्त्रोला याची जाण होती असं वाटतं. त्याने फट शोधण्यापेक्षा सुतारकी केली. नोव्हेंबर २०१२मध्ये सॅन अँटोनियोच्या मतदारांनी त्याच्या पुढाकाराने विक्रीकरात डॉलरमागे एक अष्टमांश सेंटची वाढ मंजूर केली, आणि त्या पैशावर चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभराच्या बालवाड्या सुरू झाल्या. स्वतःवर कर लावून घेणारे मतदार, हे वाचून मी दोनदा खात्री केली.

स्पॅनिशमधला ओपोर्तुनिदाद आणि इंग्रजीतली ऑपॉर्च्युनिटी एकाच लॅटिन मुळाच्या, आणि ते मूळ खलाशांचं आहे: गलबताला बंदराकडे नेणारा वारा. तिथे भिंत नाही, चोर नाही, सगळं मोकळं आणि खारं. हिंदीतला मौका अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ ठिकाण, घटना घडते ती जागा. हा अर्थ हिंदीत ‘मौके पर’ पोलीस पोचतात तेवढ्यापुरता उरला, पण मराठीने तो विकायला काढला: मोक्याची जागा, रस्त्याला लागून, दोन्ही बाजू मोकळ्या.

राहिला अवसर. शुद्ध हिंदीत संधीला हाच शब्द. तळकोकणात मात्र अवसर येतो तो अंगात. मालवणीत अवसार म्हणतात. देव अंगात येतो, माणूस घुमतो, गाव कौल मागतं. मालवण तालुक्यातल्या वराड गावचं एक घर मुंबईत आणि तिथून आयर्लंडपर्यंत गेलं. त्या घरचा मुलगा लिओ वराडकर २०१७मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला आणि २०१९च्या डिसेंबरात घरच्यांबरोबर वराडला येऊन गेला. त्याला अवसर मिळाला, हे हिंदी वृत्तपत्राचं वाक्य. तेच वराडात म्हटलं असतं तर म्हाताऱ्यांनी आधी नारळ आणायला माणूस धाडला असता.

आता कुटुंब. लॅटिन फमिलिया हा शब्द फमुलुसपासून आला आणि फमुलुस म्हणजे घरचा गडी, गुलाम. रोमन माणूस फमिलिया म्हणे तेव्हा त्याच्या मनात बायको-मुलांआधी घरात राबणारी माणसं असत. कास्त्रोच्या भाषणात त्यावरूनच आलेला फॅमिली हा सर्वांत उबदार शब्द, आणि त्याची आजी दुसऱ्यांच्या घरी नेमकी फमुला. शब्दाचं मूळ आणि बाईचं आयुष्य असं एका जागी आलेलं पाहून मी पेन खाली ठेवलं.

आपण फार वेगळे नाही. हिंदीचा लाडका परिवार म्हणजे मुळात भोवती असलेला लवाजमा, सेवकवर्ग. मराठी देवळांनी हा अर्थ अजून सोडलेला नाही: मुख्य देव गाभाऱ्यात आणि बाहेर परिवारदेवता. कुटुंबाचं प्रकरण जरा जमिनीवरचं. कुटुंब असलेला, शेत कसून घर चालवणारा तो कुटुंबी, आणि त्याचाच आपला कुणबी. मग मध्यमवर्गाने तोच शब्द घेऊन इतका आकसवला की ‘आमचं कुटुंब’ म्हणजे फक्त बायको. आजही मध्यम वयाचा माणूस ‘फॅमिलीला घेऊन येतो’ म्हणाला की एकच माणूस येतं. शिवाय ज्या भाषेत खटलं म्हणजे मोठं कुटुंबही आणि कोर्टातला दावाही, तिला अनुभव नाही असं कोण म्हणेल?

राजकारणात कुटुंब किती ताणता येतं याचा नमुना जयपूरनेच पाहिला आहे. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे शिंदे पाटील उत्तरेत गेले, दौलतराव शिंद्यांचा तळ पडला तिथे ग्वाल्हेरचं लष्कर नावाचं शहर झालं, शिंदे सिंधिया झाले. त्या घराण्यात मुंबईला जन्मलेल्या वसुंधरा राजे २००३मध्ये राजस्थानच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. महादजींची फौज तुंग्याला ज्या दरबाराशी लढली, त्याच्या राजधानीत शिंद्यांची लेक शपथ घेत होती. पण प्रचारात मराठेपणाचा उच्चार फारसा नसे. तिथे ओळख वेगळी करून दिली जाई: राजपुतांची लेक, धोलपूरच्या घरामुळे जाटांची सून आणि मुलाच्या लग्नामुळे गुर्जरांची समधन. तीन समाज, तीन नाती. समधी, समधन हे शब्द संबंधीवरून आलेले. आपले व्याही आणि विहीण विवाहावरून. मराठीत विहीण म्हटलं की पंगत आणि रुसवा आठवतो. त्या शब्दावर मतं मागायची छाती इथे कुणाला झाली नसती.

मध्येच एक आडनाव डोक्यात वळवळत होतं. मराठी माणसांत कास्त्रोच्या सर्वांत जवळचा कोण, असं विचाराल तर श्री ठाणेदार. चिकोडीचा जन्म, बेळगावातलं वाढणं, घरची ओढग्रस्त, अमेरिकेत जाऊन ॲक्रन विद्यापीठाची रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, उद्योगात चढ, मग आपटी, पुन्हा चढ. २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत तिसरा क्रमांक, आणि जानेवारी २०२३पासून डेट्रॉइटच्या बाजूचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकेच्या संसदेत. त्यांच्या मराठी आत्मचरित्राचं नाव ‘ही ‘श्री’ची इच्छा!’ आहे. यात श्री म्हणजे देव की लेखक, हे वाचकाने ठरवायचं.

पण मला हवं होतं ते आडनाव. स्थान झिजून ठाणं झालं आणि त्याला फारसी दार चिकटला. ठाणं म्हणजे चौकी, फौजेची शिबंदी बसते ती जागा. खातीपुऱ्यात थानेदार म्हणजे अजूनही पोलीस चौकीचा साहेब. भाचा म्हणतो, त्या नावाने इथे खातं उघडायला कुणी आलं तर आधी शिपाई उभा राहील. आणि कास्त्रो? लॅटिन कास्त्रुम. अर्थ, फौजेचं ठाणं. एक मेक्सिकन मोलकरणीचा नातू, एक बेळगावातला कारकुनाचा मुलगा. दोघेही अमेरिकेच्या राजकारणाच्या वाटेला लागले आणि दोघांच्या पाटीवर शब्द एकच. यातून काही सिद्ध होत नाही. पण माझी दुपार चांगली गेली.

तिसरा शब्द सेवा. या शब्दाचा मी जुना संशयी आहे. सेव् या धातूत चाकरी करणं आहे, भजणं आहे, आणि उपभोग घेणंही आहे. म्हणून देवाची सेवा आणि मद्याचं सेवन एकाच घरातले. लोकसेवक लोकांची सेवा करतो की लोकांचं सेवन, हा प्रश्न व्याकरण सोडवत नाही. मिस्त्रींना सेवा म्हणताच वेगळंच आठवलं. नळाच्या जोडणीसाठी ‘सेवा-पानी’ करावं लागलं होतं. आपल्याकडे चहापाणी. पाणी दोन्हीकडे आहे, नळाला सोडून.

मिस्त्रींचा धाकटा सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होता. नोकर हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, पण फारसीत तो मंगोलांकडून आला. मंगोलांचा नोकोर म्हणजे सोबती: आपलं कूळ, आपले भाऊबंद सोडून स्वखुशीने सरदाराच्या मागे जाणारा स्वार. म्हणजे फमुलुस घरात राबतो, आणि नोकर घर सोडतो. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो मोबाइलवर आईशी, म्हणजे माझ्या बहिणीशी, बोलत होता. सांगलीहून आधी इंदूर, मग कोटा, आता हे. त्याने फोनवर हात ठेवून विचारलं, “मामा, मग बदलीला मंगोल लोक काय म्हणायचे?”

लॅटिनमध्ये मिनिस्टर म्हणजेही नोकरच. त्यात मिनुस आहे, कमी, खालचा. वाढपी, हाताखालचा गडी. त्याच्या उलट मागिस, अधिक, वरचा, तो मागिस्टर. आपण मिनिस्टरला मंत्री म्हटलं आणि सेवकाचा एका फटक्यात सल्लागार केला. शिवाजी महाराजांच्या आठ प्रधानांत मंत्री हा एकच होता, वाकनीस. आता सगळेच मंत्री. आणि मागिस्टरचं काय झालं? पोर्तुगीजांच्या तोंडी तो मेस्त्रे झाला, पश्चिम किनाऱ्यावर उतरला, मेस्त्री, मिस्त्री होत देशभर गेला आणि त्या दिवशी खातीपुऱ्यात माळ्याच्या चौकटीवर उकिडवा बसून कोनाला कोन जुळवत होता. शब्दांच्या दरबारात त्याचा पाट मंत्र्यापेक्षा उंच.

संध्याकाळी दारं बसली. एक थोडं घासत होतं, त्यांनी पुन्हा उतरवून रंधा मारला. चहा पिताना मला म्हणाले, “बाबूजी, वो आपका आदमी, जिसकी नानी झाड़ू-पोंछा करती थी। फिर क्या बना?”

मी सांगितलं, मंत्री झाला. २०१४ ते २०१७.

“कौन-सा विभाग मिला?”

“आवास. मकान और शहर.”

त्यांनी कप खाली ठेवला, नव्या दाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “फिर तो लकड़ी का काम खूब निकला होगा।”